डॉक्टर व्हायचे तर दोन उन्हाळे

एप्रिल लागला की रविवारी सकाळी आमच्या दाराशी चपला जमू लागतात. कोणी सांगलीच्या मार्केट यार्डातला हमाल असतो, कोणी कुपवाडच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, कोणी चार घरची धुणीभांडी करून लेकरे शिकवणारी बाई. हातात पिशवी, पिशवीत मुलाची गुणपत्रिका. "जयभीम साहेब. पोरीला डाक्टर करायचं म्हंतोय. सुट्टीत कुठल्या क्लासला घालू?" आम्ही साहेब नाही, कारकून आहोत, आणि बी.कॉम. झालेल्या माणसाने डॉक्टरकीच्या अभ्यासावर बोलावे हे जरा आगाऊपणाचेच. पण वस्तीतली अभ्यासिका सांभाळताना आणि मुलांचे अर्ज भरून देताना गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जे डोळ्यांनी पाहिले ते लिहून काढावे असे मंडळातील सहकाऱ्यांचे म्हणणे पडले, म्हणून हा लेख.

"कुठल्या क्लासला" हा प्रश्नच आम्हाला खटकतो. सुट्टी म्हणजे क्लासवाल्याच्या पदरात टाकायची वस्तू, असे आपण धरूनच चाललो आहोत. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या गरिबाच्या मुलाकडे पैसा नसतो, ओळख नसते, घराण्यात डॉक्टर नसतो. त्याच्याकडे भांडवल एकच, ते म्हणजे रिकामे दिवस. ते दिवस कशावर खर्च करायचे याचा हिशेब आईबापांनी मुलाला शेजारी बसवून मांडला पाहिजे. आणि हिशेब मांडणे हे कारकुनाला थोडेफार जमते.

आधी उन्हाळे मोजू या. १९९८ पर्यंत आपल्या राज्यात बारावीच्या गुणांवर मेडिकलला प्रवेश मिळे. १९९९ पासून राज्याची सीईटी सुरू झाली. २०१३ साली देशभर एकच नीट परीक्षा झाली, त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१६ साली त्याच न्यायालयाने ती परत आणली. २०१७ पासून एमबीबीएस असो, दातांचे असो, आयुर्वेद असो की होमिओपॅथी, आपल्या मुलांना नीटशिवाय वाट नाही. ही परीक्षा साधारण मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते. २०२४ साली ५ मे रोजी झाली, २०२५ साली ४ मे रोजी. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे बारावीच्या मुलाला उन्हाळा असा उरतच नाही. खरे उन्हाळे दोनच. एक दहावीनंतरचा, एक अकरावीनंतरचा. पालक जागे होतात ते बहुधा तिसऱ्याला, म्हणजे निकाल लागल्यावर.

दहावीनंतरची सुट्टी सर्वांत लांब. मार्चमध्ये पेपर संपतात, अकरावीचे वर्ग सुरू व्हायला जून उलटतो. ही सुट्टी आम्ही भाषेला द्या म्हणतो. आपली बहुतेक मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणि रयतेच्या हायस्कुलातून मराठीत शिकून येतात. अकरावी सायन्सला बसली की पहिल्याच दिवशी गुरुजी बोलतात ते सगळे इंग्रजीत. वर्गात नव्वदच्या घरात गुण मिळवून आलेला मुलगा दिवाळीपर्यंत मुका होतो आणि घरी सांगतो की सायन्स अवघड आहे. आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा एकदा रडवेला होऊन म्हणाला, "काका, पेशी मला येती. सेल येत न्हाय." त्याने दोन शब्दांत सगळा रोग सांगितला. विज्ञान त्याला येत होते, नावे बदलली होती.

तेव्हापासून आम्ही दहावी झालेल्या प्रत्येक मुलाला दोनशे पानी वही घ्यायला लावतो. मधोमध रेघ. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, आणि तिसऱ्या ओळीत त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत. मूलद्रव्य म्हणजे एलिमेंट, संयुग म्हणजे कंपाउंड, आम्लारी म्हणजे बेस, त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, गुणसूत्र म्हणजे क्रोमोसोम, संप्रेरक म्हणजे हार्मोन. चाल आणि वेग यांत फरक आहे हे दहावीत शिकवलेले असते. स्पीड आणि व्हेलॉसिटी यांतही तोच फरक आहे हे मुलाच्या ध्यानात आले की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. रोज पंधरा शब्द. जूनपर्यंत हजारावर होतात. नवीन पुस्तके घेऊ नका. आठवी, नववी, दहावीची विज्ञानाची पुस्तके मराठीतली घरात असतात, तीच इंग्रजीतली कोणाकडून तरी मागून आणा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. धडा तोच, चित्र तेच, पान बहुधा तेच.

काही पालक विचारतात की नीटचा पेपर मराठीतही मिळतो ना? मिळतो, २०१७ पासून मिळतो, आणि शेजारी इंग्रजीही छापलेले असते. पण भाषांतराबद्दल शंका निघाली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. शिवाय चांगली पुस्तके, जुने पेपर, पुढची साडेपाच वर्षे, सारे इंग्रजीत. मराठीची लाज वाटून घेऊ नये आणि इंग्रजी टाळूही नये, एवढेच.

आता अकरावीनंतरचा उन्हाळा. खरी लढाई इथे आहे. अकरावीचे वर्ष आपल्याकडे आरामाचे मानतात. बोर्डाची परीक्षा नसते, कॉलेजवाले पास करून टाकतात, मुलगाही मोकळा आणि बापही. पण नीटच्या अभ्यासक्रमात जवळजवळ निम्मा भाग अकरावीचा असतो. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यात जीवशास्त्राचे ९० प्रश्न ३६० गुणांचे, भौतिक आणि रसायनाचे पंचेचाळीस-पंचेचाळीस. बरोबर उत्तराला चार, चुकल्यास एक वजा. बारावीत त्या वर्षाचाच अभ्यास डोक्यावर बसतो. अकरावीकडे मागे वळून बघायला वेळ मिळत नाही. म्हणून एप्रिलअखेर ते जूनचा दुसरा आठवडा हे जे पंचेचाळीस दिवस आहेत ते अकरावीच्या पुस्तकांचे. रोज सहा तास धरले तर दोनशे सत्तर तास होतात. त्यांतले निम्मे भौतिकशास्त्राला द्या, कारण आमचा अनुभव असा की आपली मुले जीवशास्त्रात कोणाला हार जात नाहीत, ती अडतात गतीच्या नियमांशी आणि गणिताशी. जीवशास्त्र पाठ करता येते आणि आपल्या मुलांना कष्टाची सवय असते. भौतिकाला मात्र रोज पाच-सहा उदाहरणे स्वतःच्या हाताने सोडवावी लागतात. क्लासच्या फळ्यावर दुसऱ्याने सोडवलेले बघून ते येत नाही.

पुस्तक कोणते, तर एनसीईआरटीचे. नीटचे प्रश्न त्याच्या धर्तीवर निघतात. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात काही गोष्टी जास्त आहेत, काही कमी. ही पुस्तके इंग्रजीत, हिंदीत आणि उर्दूत निघतात, मराठीत नाहीत. मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात. छापील घ्यायची तर मागच्या वर्षीच्या मुलांकडून निम्म्या किमतीत मिळतात, फक्त अभ्यासक्रमातून वगळलेले धडे कोणते ते यादी पाहून खोडून घ्यावे. तीन वेळा वाचलेले एक पुस्तक एकेकदा चाळलेल्या पाच पुस्तकांना भारी पडते, हे आम्ही सांगायला लागलो की मुले मान हलवतात आणि चौकात जाऊन सहावे पुस्तक घेतात!

क्लासविषयी आमचे मत सांगतो, न पटल्यास सोडून द्यावे. बारावीच्या वर्षी एखादा चांगला क्लास परवडत असेल तर लावा. परंतु अकरावीच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस दिवसांसाठी बायकोचे डोरले मोडून किंवा सावकाराचे पैसे काढून मुलाला लातूरला नाहीतर पार राजस्थानातल्या कोट्याला पाठवणे आम्हाला मान्य नाही. लातूरचे नाव तिथल्या शिक्षकांनी मेहनतीने कमावले, ते खोटे नाही. पण जे मूल घरी चार तास बसू शकत नाही ते तिथल्या खोलीत बसेल या आशेवर कर्ज काढू नये. आणि "सीट करून देतो" म्हणणारा भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. २०२४ च्या नीटमध्ये पेपर फुटल्याचे प्रकरण देशभर गाजले, सीबीआयने अटका केल्या. असल्या धंद्यात पैसे घालणाऱ्या गरिबाचे पैसेही जातात आणि पोराचे वर्षही.

घरात बसायला जागा नाही, पत्रा तापतो, पंखा गरम हवा फेकतो, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्हीही पत्र्याखालीच बी.कॉम. केले. पहाटे पाच ते नऊ हे चार तास पत्रा थंड असतो. दुपारचे दोन तास विहाराच्या सभागृहात. विहार दुपारी रिकामेच असते, किल्ली मागितली तर मंडळ देते. जयंतीचा चौदा एप्रिल, पुढे बुद्धपौर्णिमा, हे दिवस जरूर साजरे करा, पण मिरवणुकीच्या वर्गणीसाठी महिनाभर पोरांना दारोदार फिरवणाऱ्या कार्यकर्त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की अकरावी-बारावीच्या मुलांची नावे यादीतून काढा. काहींना राग येतो. येऊ द्या.

मुलींची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड. मुलाची सुट्टी निदान सुट्टी म्हणून मोजली जाते. मुलीची सुट्टी लागली की आई सुटकेचा श्वास सोडते, कारण धुणे, पाणी, धाकटी भावंडे हे सगळे तिच्या हाती सोपवता येते. त्यात लग्नसराई. मामाच्या पोरीच्या लग्नाला आठ दिवस आधी जायचे आणि हळद उतरेपर्यंत राहायचे. एका आईला आम्ही विचारले की सुट्टीत पोरीचा अभ्यास किती झाला? "झाला की. सांच्याला बसती." पोरगी खाली मान घालून हसली. आम्ही त्या माऊलीला दोष देत नाही. तीही दिवसभर राबते. पण वडिलांनी आणि भावांनी मे महिन्याचे पाणी भरले तर त्या घरात रोजचे दोन तास वाढतात. पंचेचाळीस दिवसांचे नव्वद तास. म्हणजे सगळे रसायनशास्त्र.

आमच्या कचेरीतल्या एका अधिकाऱ्यांची भाची अमेरिकेत शिकते. तिकडे डॉक्टर होण्याची रीतच निराळी. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग मेडिकल कॉलेजांना अर्ज. त्या अर्जात मुलाने काय काय कामे केली, कुठे सेवा केली, कोणत्या डॉक्टरच्या मागे उभे राहून रुग्ण पाहिले असे पंधरापर्यंत अनुभव लिहिता येतात. म्हणून तिकडची मुले उन्हाळाभर दवाखान्यात, प्रयोगशाळेत, वृद्धाश्रमात खपतात. ऐकून प्रथम बरे वाटले. नंतर लक्षात आले की तिथेही ज्याचा मामा डॉक्टर त्यालाच मागे उभे राहायला डॉक्टर सहज मिळणार. आपल्याकडे अर्जात सुट्टीचा रकानाच नाही, मुलाखत नाही, गुण हेच सर्वस्व. हे आपल्या मुलांच्या सोयीचे आहे असे आम्ही मानतो. पेपर तपासणारे यंत्र मामा कोण ते विचारत नाही.

तरीही एक आठवडा दवाखान्याला द्यावा, असे आम्ही म्हणतो. अर्जासाठी नव्हे, स्वतःला तपासण्यासाठी. आपल्या मुलांनी डॉक्टर पाहिलेला असतो तो टेबलापलीकडून, दोन मिनिटे. त्याचा दिवस कसा जातो हे त्यांना माहीत नसते. आपल्या वस्तीत, गावात आशाताई आहेत. २००५ साली सुरू झालेल्या योजनेतून त्या नेमल्या गेल्या. बहुतेक ठिकाणी त्या आपल्यातल्याच कोणाच्या तरी मावशी-वहिनी असतात. त्यांना विचारा, आठ दिवस बरोबर फिरा. क्षयाच्या रुग्णाला गोळ्यांची आठवण करून द्यायला जावे लागते, गरोदर बाईला तपासणीला न्यावे लागते, लसीकरणाच्या दिवशी रडणारी पोरे धरावी लागतात, उन्हाळ्यात जुलाबाची साथ आली की विहिरीत पावडर पडली की नाही ते बघावे लागते. डॉक्टरकीचा निम्मा भाग असा चपला झिजवण्याचा आहे.

मिरज आपल्याला जवळ. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली काढलेल्या रुग्णालयापासून या गावाला डॉक्टरांचे गाव म्हणून नाव मिळाले. १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आले. आजही कर्नाटकातून रुग्ण रेल्वेने मिरजेला उतरतात. साताऱ्यात तर २०२१-२२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज झाले, शंभर जागांचे. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत अशिक्षित म्हातारी माणसे गोंधळून उभी असतात. वरिष्ठांची रीतसर परवानगी घेऊन तिथे आठ दिवस उभे राहा, कोणता कागद कोणत्या खिडकीवर ते सांगा, चाकाची खुर्ची ढकला. सुईला, रक्ताला, कोणाच्या कागदांना हात लावायचा नाही. पाहिलेले बाहेर बोलायचे नाही. फोटो काढायचा नाही. हे तीन नियम आम्ही वहीत लिहून सही घेतो.

एक मुलगा असा आठवडा करून आला आणि म्हणाला, "काका, मला जमणार न्हाय. वासानंच पोटात ढवळतंय. औषधांचं मात्र लई आवडलं." त्याने सीईटी देऊन बी.फार्म. केले, आता कंपनीत आहे, बरे चालले आहे. त्याचे वडील आमच्याशी वर्षभर बोलत नव्हते. त्यांच्या मते आम्ही पोराला दवाखान्यात धाडले नसते तर तो डॉक्टर झाला असता. आमच्या मते तो नीटला दोन-तीनदा बसून वये घालवून बसला असता. याच आठवड्यात उलटेही घडते. एक मुलगी लसीकरणाला गेली ती रोज जाऊ लागली, आणि तेव्हापासून तिला पहाटे उठवावे लागले नाही.

काही घरांत सुट्टी म्हणजे कमाई. बेदाण्याच्या शेडवर, वीटभट्टीवर, मंडपाच्या कामावर पोरे जातात, आणि त्या पैशांवर पुढच्या वर्षीची पुस्तके येतात. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर. कष्ट करून शिकलेल्यांची रांग आपल्या समाजात मोठी आहे. फक्त दिवसभराचे काम अकरावीच्या सुट्टीत नको. सकाळ अभ्यासाला ठेवून संध्याकाळी औषधाच्या दुकानात चार तास मिळाले तर उत्तम. पैसे कमी मिळतात, पण औषधांची नावे तोंडात बसतात. वडिलांनी हिशेब असा करावा : पूर्ण मजुरीतून जेवढे जास्तीचे मिळणार तेवढ्यासाठी दोनशे सत्तर तास विकायचे का?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. कागद.

तीन वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका मुलीला नीटमध्ये असे गुण पडले की अनुसूचित जातीच्या जागेवर तिचे नाव येणार हे सर्वांना दिसत होते. पेढे वाटून झाले. तिच्याकडे जातीचा दाखला होता, वैधता प्रमाणपत्र नव्हते. दाखला प्रांतांकडून मिळतो; तो खरा आहे हे ठरवते जिल्हा पडताळणी समिती, २००१ पासून लागू झालेल्या कायद्याने. तिथे अर्ज करायला आजोबा-पणजोबांचा पुरावा लागतो. तो शोधण्यात जुलै गेला, ऑगस्टमध्ये अर्ज पडला, तोवर फेऱ्या निघून गेल्या. कधी कधी सरकार मुदत वाढवून देते, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. पुढच्या वर्षी ती पुन्हा नीटला बसली, गुण पंचवीसने घसरले. आज ती आयुर्वेदाला आहे, मन लावून शिकते आहे. परंतु जी जागा तिने अभ्यासाने मिळवली होती ती कागदाने घालवली, हे आम्हाला अजून पचत नाही.

अकरावी सायन्सला प्रवेश झाला की कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करता येतो. म्हणजे अकरावीची सुट्टी हीच त्याची वेळ. आपल्या घरांत हा पुरावा गोळा करणे इतरांपेक्षा किचकट असते. नातवाच्या दाखल्यावर बौद्ध, बापाच्या दाखल्यावर कुठे नवबौद्ध, कुठे जातीचा रकाना कोरा, आणि आजोबांच्या नोंदीत हिंदू महार. १९५६ च्या आधीची आणि नंतरची नोंद निराळी असणारच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र लावून ती जुळवता येते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मिळाला तर काम सोपे होते. नावांचा घोळ मात्र डोके पिकवतो. शाळेत सखा, सातबाऱ्यावर सखाराम, रेशनकार्डावर सखाराम बाबू. आडनाव तर पिढीगणिक बदललेले. वडिलांकडच्या रक्तनात्यात, चुलत्याला किंवा आत्याला, आधी वैधता मिळाली असेल तर तिची प्रत सर्वांत आधी मिळवा. भाऊबंदकी असेल तर मिटवा. निदान झेरॉक्सपुरती तरी मिटवा.

आजोबा शाळेतच गेले नाहीत असे अनेक घरांत निघते. मग तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंद, आपण कोतवाल बुक म्हणतो ते. ते पुष्कळदा मोडीत असते, वाचणारा शोधावा लागतो. किंवा वतनाचे फेरफार. १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा झाली. ज्या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेब झगडले, त्या वतनाचा पिवळा पडलेला कागद आज नातीच्या मेडिकल प्रवेशाला कामी येतो.

शेजारच्या जिल्ह्यातली उन्हाळी सुट्टीची एक हकीकत वाचकांना माहीत आहे. १९०१ साली साताऱ्याहून भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे ही मुले खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या वडिलांकडे सुट्टीला निघाली, मसूर स्टेशनावर उतरली, तर न्यायला कोणी आलेले नव्हते, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. पुढची रात्रभराची तहान जातीने लादली, त्या पत्राने नव्हे. पण कागद वेळेवर पोहोचला नाही की लेकरे स्टेशनावर कशी उभी राहतात ते आम्हाला दर ऑगस्टमध्ये आठवते.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा केंद्राच्या अनुसूचित जातींत समावेश झाला, म्हणून सरकारी कॉलेजांतल्या पंधरा टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढून ठेवा. दुसरे, कराडचे कृष्णा आणि सांगलीचे भारती विद्यापीठ घराजवळ दिसते म्हणून पालक तिकडे आशेने बघतात. ती अभिमत विद्यापीठे आहेत, तिथे आपल्यासाठी राखीव जागा नाहीत आणि फी आपल्या आवाक्याबाहेरची आहे. राज्याच्या फेरीतून खासगी कॉलेज मिळाले तर मात्र शिक्षण शुल्काची सवलत मिळते, त्याला भिऊन जागा सोडू नका.

आणि हे सगळे मेमध्ये नव्हे, एप्रिलमध्ये. १ मे ला निकाल लावून गुरुजी आपापल्या गावी जातात, शाळेच्या कपाटाला कुलूप लागते, ते जूनच्या मध्यावर उघडते. गेल्या एप्रिलमध्ये वस्तीतल्या एका गवंड्याबरोबर आम्ही तासगाव तालुक्यातल्या त्याच्या गावच्या शाळेत गेलो. आपला बाप शाळेत गेलाच नव्हता असे तो ठामपणे सांगत होता. मुख्याध्यापिका बाई भल्या. त्यांनी जुनी रजिस्टरे टेबलावर काढून दिली. त्यांवर जिल्हा सातारा असे होते, ते पाहून तो म्हणाला, "ही दुसऱ्या गावाची असतील, आमचा जिल्हा सांगली." त्याला सांगावे लागले की १९४९ पर्यंत हा मुलूख साताऱ्यातच होता, मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. ही गोष्ट खिडकीवरच्या कारकुनालाही कधी कधी माहीत नसते, तेव्हा लक्षात ठेवा.

तासाभराने नाव सापडले. इयत्ता दुसरी, जात महार, दाखल १९४५, नाव कमी १९४६. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण : गैरहजर. गवंड्याने ते आमच्याकडून दोनदा वाचून घेतले, बोटाने ओळ धरून ठेवली, आणि बाईंना विचारले, "ह्याचा उतारा आजच मिळंल का वं?"